रिमचा खर्च: आधी गोलाई, मग रंग

मागच्या दिवाळीआधी आम्ही २०१४ सालची स्विफ्ट घेतली, अर्थातच वापरलेली. इंजिन ठणठणीत, एसी गार, सीटची कव्हरंही स्वच्छ. पण चाकांकडे पाहून घरातल्या प्रत्येकाने नाक मुरडलं. रिम कंपनीच्याच, १५ इंची अलॉय. मात्र कडा फुटपाथला घासून खरवडलेल्या, स्पोकवरचं लॅकर ठिकठिकाणी सुटलेलं आणि त्याखाली भिंतीला ओल यावी तशी पांढरी नक्षी पसरलेली. शिवाय ताशी ऐंशीच्या पुढे गेलं की स्टिअरिंग हातात थरथरायचं. नवा चार अलॉयचा सेट दुकानात वीस हजारांच्या पुढे होता. चाकांसाठी मी बाजूला काढले होते सहा हजार.

हा त्या सहा हजारांचा हिशेब आहे. पुण्यात नाना पेठेतली दुकानं, भोसरीकडचे पावडर कोटिंगवाले आणि घराजवळची टायरची दुकानं पालथी घालून जे दर मिळाले, ते इथे देतो आहे. तुमच्या गावात शंभर-दोनशे इकडेतिकडे होतील. पण पैसे कोणत्या क्रमाने घालायचे, तो क्रम सगळीकडे एकच. बहुतेक जण तिथेच फसतात. आधी हौसेने रंग करून घेतात, मग कळतं की रिम वाकडी आहे, आणि ती सरळ करताना नवा रंग उडतो. मग रंगाचे पैसे पुन्हा.

रिम गोल आहे का?

कुठेही पैसे देण्याआधी अर्धा तास स्वतः खर्च करा. गाडी सपाट जागी लावा. पुढचं चाक तपासायचं असेल तर गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला आणि मागच्या चाकांना विटा. मागचं चाक तपासताना उलट: हँडब्रेक सोडावाच लागतो, म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवा आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा लावा. एक चाक जॅकवर उचला. त्याच्याशेजारी दोन-तीन विटा रचून वर एक पेन्सिल अशी ठेवा की तिचं टोक रिमच्या कडेपासून जेमतेम केसभर लांब राहील. आता चाक हाताने सावकाश फिरवा. टोक आणि कड यांच्यातली फट सगळीकडे सारखी राहिली तर रिम ठीक. फट कमीजास्त होत असेल आणि तो फरक एक मिलिमीटरच्या वर वाटत असेल, तर मेकॅनिकच्या भाषेत ‘रिम आउट आहे’. हे सगळं करताना गाडीखाली हातपाय घालू नका. गाडीसोबत मिळणारा जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो.

या तपासणीत बाहेरची कडच दिसते, ही तिची अडचण. खड्ड्याचा मार बहुतेक वेळा आतल्या कडेला बसतो, कारण स्पोक रिमच्या बाहेरच्या बाजूला असतात आणि आतली कड आधाराविना असते. म्हणून बाहेरून चकचकीत असलेली रिम आतून चेपलेली निघते. त्यासाठी सोपा उपाय आहे. टायरच्या दुकानात चाक बॅलन्सिंग मशिनवर चढवलं की मशीन फिरत असताना वाकून दोन्ही कडांकडे बघा. कड लाटेसारखी डोलताना दिसली, तर तिथेच थांबा आणि बॅलन्सिंग करूच नका. वाकड्या रिमला वजनं लावून थरथर काही दिवस दबते, पण जात नाही. छोट्या गाडीच्या एका चाकाला साठ-सत्तर ग्रॅमहून जास्त वजन लागत असेल, तर ‘इतकं का लागतंय?’ असं विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

थरथर कुठे जाणवते यावरूनही थोडा अंदाज येतो. स्टिअरिंग थरथरत असेल तर बहुधा पुढची चाकं, सीट आणि फ्लोअर थरथरत असेल तर मागची. माझ्या गाडीत पुढच्या दोन्ही रिम आतून वाकलेल्या होत्या. टायरच्या दुकानातल्या कारागिराने मशीन फिरवून दाखवलं आणि म्हणाला, “साहेब, रंगाचं नंतर बघा. आधी ह्या दोन सरळ करून आणा, नाहीतर माझी वजनं पण वाया आणि तुमचे पैसे पण.” त्याला तिथल्या तिथे बॅलन्सिंगचे पैसे मिळाले असते. तरी त्याने खरं सांगितलं, म्हणून पुढची सगळी कामं मी त्याच्याकडेच केली.

वाकलेल्यापेक्षा वाईट म्हणजे तडकलेली रिम. केसासारखी चीर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी वर्कशॉपमधली जुनी युक्ती आहे: टायर उतरवल्यावर रिम धुऊन कोरडी करा, संशयाच्या जागी रॉकेल किंवा पातळ तेल लावा, दहा-पंधरा मिनिटांनी कापडाने पूर्ण पुसून घ्या आणि वर पांढऱ्या खडूची पूड चोळा. चिरेत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि खडूवर ओली रेघ उमटते. आतल्या कडेला, वाकलेल्या जागेच्या आजूबाजूला आणि स्पोक जिथे मधल्या भागाला मिळतात तिथे ही परीक्षा जरूर घ्या.

सरळ करण्याचे दर, आणि आगीपासून लांब

अलॉय रिमचा बेंड काढायला माझ्या चौकशीत एका रिमला ५०० ते १,२०० रुपये सांगितले गेले. बेंड किती खोल आणि रिम किती मोठी, यावर दर ठरतो. दोन रिमचे मी १,२०० दिले. लोखंडी रिम २०० ते ४०० रुपयांत सरळ होते.

पण दर विचारण्याआधी काम कसं करतात ते बघा. हायड्रॉलिक प्रेसवर किंवा रिमसाठीच्या मशिनवर, डायल लावून, थोडं थोडं दाबत सरळ करत असतील तर काम द्या. गॅसच्या ज्योतीने तापवून हातोड्याने ठोकत असतील तर तिथून निघा, दर निम्मा असला तरी. कारण सांगतो. कारच्या बहुतेक अलॉय रिम सिलिकॉन-मॅग्नेशियमयुक्त ॲल्युमिनियमच्या ओतीव असतात आणि त्यांची ताकद कारखान्यातल्या उष्णताप्रक्रियेतून येते. त्या प्रक्रियेचा शेवटचा टप्पा दीड-पावणेदोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. त्याच्या खूप वर तापवलं की कमावलेली ताकद जाते. लोखंड तापलं की लाल होतं, त्यावरून लोहाराला अंदाज येतो. ॲल्युमिनियम मात्र वितळायला येईपर्यंत लाल दिसत नाही. म्हणजे ज्योत हातात असलेल्या माणसाला किती तापलंय हे डोळ्यांनी कळण्याची सोयच नाही. रिम दिसायला सरळ होते, आणि पुढच्या खड्ड्यात तिचं काय होईल ते कुणी सांगू शकत नाही.

आर्गन वेल्डिंगबद्दलही असंच. तीन-चारशेपासून हजारभरापर्यंत घेऊन चीर भरून देणारे भेटतात. कडेच्या बाहेरच्या टोकाला खरचटून उडालेला टवका भरून घ्यायला माझी हरकत नाही. पण चीर स्पोकमध्ये, मधल्या भागात किंवा नटांच्या भोकांजवळ असेल, तर ती रिम भंगारात द्या. ॲल्युमिनियमला भंगारात किलोमागे बरा भाव येतो. या एका ठिकाणी काटकसर करू नका. चाकावर घरची माणसं बसलेली असतात.

आता हवा. दर आठ-दहा दिवसांनी एकाच चाकातली हवा कमी होत असेल आणि पंक्चर सापडत नसेल, तर टायर रिमला जिथे घट्ट बसतो तिथे ॲल्युमिनियमवर पांढरा थर साचलेला असतो. त्याच्या खालून हवा झिरपते. मुंबईत आणि कोकणात खाऱ्या हवेने हे लवकर होतं. साबणाच्या पाण्यात बुडबुडे दिसले की टायर उतरवून ती पट्टी स्कॉचब्राइटने घासून गुळगुळीत करायची आणि बीड सीलर लावायचा. दुकानदार याचे शंभर-दीडशे रुपये घेतो. टायर उतरवलाच आहे तर व्हॉल्व्ह बदला. तो रबराचा असतो, आठ-दहा वर्षांत कडक होऊन फाटतो आणि नवा पन्नास-साठ रुपयांत येतो. टायर उतरवून पुन्हा चढवायला एका चाकाचे १०० ते १५० रुपये पडतात. आणि त्याच वेळी टायरचं वयही वाचून घ्या: कडेवरच्या अंडाकृती चौकटीतले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. ‘२३१७’ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. टायरच्या खाचांमधल्या छोट्या उंचवट्यांपर्यंत नक्षी झिजली असेल, म्हणजे १.६ मिलिमीटरच उरली असेल, तर सगळा पैसा आधी टायरला. रिमचा रंग वर्षभर थांबू शकतो.

घरचा रंग: तीन हजारांच्या आत आणि चार रविवार

खरी बचत इथे आहे, कारण रंगकामात मजुरीच मोठी असते आणि ती तुम्ही स्वतः देऊ शकता.

पहिला प्रश्न व्यवहाराचा: चारही रिम रंगवायला काढल्या तर गाडी कशावर उभी राहणार? विटांवर गाडी उभी करू नका. वजनाखाली वीट अचानक फुटते. मी ऑफिसला दुचाकीवर जातो, गाडी रोज लागत नाही. म्हणून एका शनिवारी एक चाक काढायचं, त्या जागी स्टेपनी लावून गाडी उभी ठेवायची, आणि आठवडाभर रंग वाळू दिल्यावर पुढच्या शनिवारी अदलाबदल. चार चाकांना महिना लागला. रोज गाडी लागणाऱ्यांना शनिवार-रविवार पुरवावे लागतील, रंग जरा कच्चा राहील.

दुसरा प्रश्न टायरचा. प्रत्येक वेळी टायर उतरवायची गरज नाही. व्हॉल्व्हमधली हवा सोडून द्या, टायर रिमपासून थोडा दाबा आणि त्या फटीत जाड कागद खोचा. आमच्या घरी खणभर जुन्या लग्नपत्रिका होत्या. त्यांच्यासारखं साहित्य दुसरं नाही: जाड, गुळगुळीत, आणि उभी चिरली की पट्ट्या टायरभर एकमेकींवर चढवत नीट बसतात. नटांच्या भोकांत मुलांच्या मोठ्या गोट्या ठेवल्या. हा लाड नाही. नट ज्या उतरत्या खोबणीत बसतो तिथे रंगाचा थर राहिला, तर तो पुढे दबून झिजतो आणि नट सैल होतो. रिमची मागची सपाट बाजू, जी हबला टेकते, तिथेही रंग नको.

धुताना अंगमेहनतीने धुवा. ब्रेकची काळी पूड हटत नाही म्हणून टॉयलेट क्लीनर किंवा ‘ॲसिड’ वापरू नका. आम्ल आणि कॉस्टिक, दोन्ही ॲल्युमिनियम खातात. गाडीचा शाम्पू, दात घासायचा जुना ब्रश आणि भरपूर पाणी पुरतं. डांबराचे ठिपके रॉकेलने निघतात. ती काळी पूड कोरडी झाडू नका, फुंकू नका; ती श्वासात जाऊ नये म्हणून आधी भिजवा.

मग घासणं. सगळ्या कामात सत्तर टक्के वेळ इथे जातो आणि जायलाच हवा. खरवडलेल्या कडांचे उभे राहिलेले काटे बारीक कानशीने उतरवा, मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग ३२०, आणि शेवटी पाणी लावून ६००. पांढरी नक्षी जिथे आहे तिथे चकाकणारा धातू दिसेपर्यंत घासायचं. तिच्यावर रंग मारला तर सहा महिन्यांत ती रंगाच्या खालून पुन्हा वर येते. मी पहिल्या चाकावर घाई केली आणि स्पोकच्या आतल्या कोपऱ्यात थोडी राहू दिली. नेमका तिथेच पावसाळ्यात रंगाला फोड आला. खोल ओरखड्यांत दोन भाग मिसळायचा लप्पम पातळ भरा आणि वाळल्यावर पुन्हा घासा. लप्पम फक्त दिसणाऱ्या कडेवर, टायर बसतो त्या पट्टीवर कधीही नाही.

शेवटी थिनर लावलेल्या स्वच्छ कापडाने पुसा आणि त्यानंतर उघड्या हाताने रिमला स्पर्श करू नका. बोटांचं तेल पुरेसं असतं रंग सोडवायला. उघड्या ॲल्युमिनियमवर साधा लाल ऑक्साइड टिकत नाही. दुकानात स्पष्ट सांगून ॲल्युमिनियमवर चालणारा प्रायमर मागा.

स्प्रे मारताना डबा दोन मिनिटं जोरात हलवा, वीतभर अंतर ठेवा आणि हात सतत फिरता ठेवा. एकदम झाकायचा हव्यास नको. पहिल्या हातात खालचं दिसतच राहतं, तसंच हवं. दहा-दहा मिनिटांनी तीन पातळ हात दिले की रंग ओघळत नाही. पावसाळ्यात हे काम करूच नका. दमट हवेत स्प्रे वाळताना वर पांढुरकं धुकं बसतं आणि चमक जाते. दिवाळी ते होळी हा आपल्याकडचा रंगाचा हंगाम. त्यातही सकाळी दहानंतर, सावलीत, वारा नसताना. तोंडाला मास्क, जागा उघडी. हार्डनर मिसळणारे टू-के क्लिअर बाजारात मिळतात आणि ते खरोखर कडक वाळतात, पण त्यांतल्या आयसोसायनेटच्या वाफा फुप्फुसांना घातक असतात आणि साधा कापडी मास्क त्या अडवत नाही. घरच्या गच्चीवर साधं ॲक्रिलिक क्लिअरच बरं.

रंग कोणता? चकचकीत काळ्याचा मोह सगळ्यांना होतो. हौशी हाताला तो महागात पडतो, कारण लप्पमाचा प्रत्येक उंचसखलपणा त्यात दिसतो आणि ब्रेकची पूडही. सिल्व्हर चुका पोटात घेतो, आणि पुढे कड खरचटली तर तेवढाच भाग पुन्हा मारता येतो.

साहित्याचा खर्च असा झाला: पॉलिश पेपर १६०, लप्पम १८०, प्रायमरचे दोन डबे ५८०, सिल्व्हरचे तीन ९६०, क्लिअरचे दोन ७००, थिनर, मास्किंग टेप, हातमोजे आणि मास्क मिळून २८०. एकूण २,८६० रुपये.

पावडर कोटिंग कधी परवडतं

घरचा स्प्रे जपून वापरला तर दीड-दोन वर्षं बरा दिसतो. पावडर कोटिंग त्याहून कितीतरी कडक आणि टिकाऊ. त्यात कोरडी पावडर विजेच्या भाराने धातूला चिकटवतात आणि भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांवर दहा-वीस मिनिटं भाजतात. अलॉय रिमला जुना रंग काढून, ब्लास्टिंग करून, एका रंगात कोटिंग करायचे मला रिममागे १,२०० ते २,००० सांगितले गेले. दीड हजाराने धरले तर चार रिमचे सहा हजार, पक्क्या बिलावर १८ टक्के जीएसटीचे १,०८०. शिवाय टायर उतरवणं-चढवणं, व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग आलंच. सगळं मिळून साडेआठ हजारांच्या आसपास जातं. गाडी अजून चार-पाच वर्षं ठेवायची असेल तर हा खर्च योग्य आहे. वर्षभरात विकायची असेल तर नाही.

भट्टीचं तापमान त्यांना विचारा. वर सांगितलं ते कारण इथेही लागू पडतं: एकदा भाजणं चालतं, पण रंग बिघडला म्हणून पुन्हा पुन्हा भाजून घेणं रिमच्या ताकदीला बरं नाही. आणि टायरवाली पट्टी, नटांच्या खोबणी आणि मागची सपाट बाजू झाकून कोटिंग करणार का, हे कामाआधी कागदावर लिहून घ्या. ‘हो, करतो की’ एवढ्यावर सोडू नका. माझ्या मित्राच्या चार रिम एका ठिकाणाहून खोबणीसकट जाड कोटिंग होऊन आल्या. दोन दिवसांनी नट ढिले झाले, आणि ते त्याला चाक खडखडल्यावर कळलं.

डायमंड कट, म्हणजे लेथवर कातून चमकवलेला चेहरा आणि मधे काळा रंग, नव्या गाड्यांवर फार सुंदर दिसतो. तो तसाच दुरुस्त करून घ्यायला रिममागे तीन ते पाच हजार लागतात. प्रत्येक वेळी धातूचा एक थर कातला जातो, त्यामुळे हे काम दोनदा-तीनदाच होऊ शकतं. वर फक्त पारदर्शक लॅकर असतं. त्याला एक खडा लागला की पांढरी नक्षी सुरू. बजेट तंग असेल तर डायमंड कटचा नाद सोडून सरळ एकरंगी करून घ्या.

लोखंडी रिम असेल तर

तुमच्या गाडीला लोखंडी रिम असतील तर तुमचं काम सोपं आहे, आणि माझा सल्ला थोडा वेगळा: गंजलेल्या लोखंडी रिमवर मेहनत घेण्याआधी ॲक्सेसरीजच्या दुकानांत चक्कर मारा. नवी गाडी घेतली की पहिल्याच आठवड्यात पुष्कळ जण अलॉय बसवतात आणि कंपनीच्या कोऱ्या लोखंडी रिम दुकानातच सोडून जातात. अशी जवळपास न वापरलेली रिम ६०० ते १,००० रुपयांत मिळते, तर नवी पंधराशेच्या पुढे. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, पुण्यात नाना पेठेत आणि बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातही रिम मिळतात. मात्र विकणाऱ्याकडून नाव-पत्त्याची पावती घ्या. चोरीची चाकं विकली जातात, हे सगळ्यांना माहीत आहे.

घेताना चार गोष्टी जुळायलाच हव्यात. पहिली, भोकांची मांडणी: स्विफ्ट, आय-ट्वेंटी, होंडा सिटी, टियागो अशा बऱ्याच गाड्यांना चार भोकं, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर. दुसरी, मधल्या भोकाचा व्यास. तो हबपेक्षा मोठा असेल तर प्लास्टिकची हब रिंग लागते, दोन-तीनशेला चारांचा सेट. छोटा असेल तर रिम बसतच नाही. तिसरी, रिमच्या आत ‘ईटी’पुढे कोरलेला आकडा, म्हणजे ऑफसेट. तो मूळ आकड्याच्या फार खाली गेला की चाक फेंडरबाहेर येतं, फार वर गेला की आत घासतं. चौथी, नट: मारुतीच्या नटाचे आटे १.२५ मिलिमीटरचे, तर ह्युंदाई, होंडा, टाटाचे दीडचे. दोन्हींचा व्यास १२ मिलिमीटर असल्याने दिसायला ते सारखे, आणि दुसऱ्याचा नट जोर लावून चढवला की स्टडचे आटे जातात. अलॉय घेत असाल तर आतल्या बाजूला जेडब्ल्यूएल किंवा आयएसआयची खूण शोधा. साइज मात्र गाडीच्या पुस्तकात दिलेल्यांपैकीच ठेवा. मोठ्या चाकाची हौस मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येणाऱ्या बदलांच्या वादात अडकू शकते, आणि विम्याचा दावा करताना तेच पुढे येतं.

गंज वरवरचा असेल तर घरीच: तारेचा ब्रश, १२० नंबरचा पेपर, रेड ऑक्साइड, वर सिल्व्हर किंवा काळा. चार चाकांचे हजार रुपयेही होत नाहीत. वर साध्या प्लास्टिक व्हील कव्हरचा सेट ८०० ते १,५०० ला मिळतो. गंजाने पत्रा खाऊन कडेला खड्डे पडले असतील तर रंग मारून काही होणार नाही, रिम बदला.

परत बसवताना

हबवरचा गंज ब्रशने झाडून घ्या. तो मधे राहिला तर नवं सरळ चाकसुद्धा डोलतं. सगळे नट आधी हाताने फिरवा, मग समोरासमोरचे, फुलीच्या क्रमाने आवळा, आणि शेवटचं आवळणं गाडी जमिनीवर टेकल्यावर. टॉर्क पाना असेल तर गाडीच्या पुस्तकातला आकडा लावा. नसेल तर टायरच्या दुकानात बॅलन्सिंगवेळी तो वापरायला सांगा. हवेच्या गनवर भागवू देऊ नका. पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासायचे. खोबणीत चुकून राहिलेला रंग थोडा दबतोच.

अलॉयला बॅलन्सिंगची वजनं आतून चिकटवायची लावून घ्या. कडेला ठोकून बसवायच्या वजनांनी नुकताच मारलेला रंग पहिल्याच दिवशी जातो. बॅलन्सिंगचा दर चाकामागे आणि वजनाचे पैसे वेगळे, हे आधी विचारून ठेवा, कारण बिलात वाद होतो तो इथेच.

माझं शेवटचं बिल असं: दोन रिम सरळ करायचे १,२००, चार टायर उतरवून-चढवून ४८०, व्हॉल्व्ह २४०, रंगाचं साहित्य २,८६०, बॅलन्सिंग वजनांसह ६७०, अलाइनमेंट ५००. एकूण ५,९५० रुपये. शंभर किलोमीटरनंतर नट पाहिले तर सोळापैकी दोन पाव फेरा फिरले. ताशी शंभरला स्टिअरिंग आता स्थिर आहे. पुढच्या रविवारी स्टेपनी काढून बघितली: हवा तिसाच्या जागी अठरा, व्हॉल्व्हला भेगा, आणि रिमच्या आतल्या कडेला लाल गंजाची रांग. सिल्व्हरचा अर्धा डबा शिल्लक आहे; व्हॉल्व्हचे साठ रुपये तेवढे नवे लागतील.